उद्याचं काम

२ मार्च

माफ कर. गेल्या वाढदिवसानंतर तुला हात लावला नाही. सबबी सांगत नाही. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि घडत नसताना लिहीत बसणं म्हणजे स्वतःलाच थापा मारणं. आता मात्र घडलं आहे. मी दादाच्या घरी राहायला आले आहे, चांगली वर्षभरासाठी.

दादा सर्जन, वहिनी भूलतज्ज्ञ. एका वैद्यकीय संस्थेतर्फे दोघं परदेशात गेली आहेत, युद्ध चालू असलेल्या मुलखातल्या इस्पितळात. मुलांपाशी कोण राहणार असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी चव्वेचाळीस वर्षांची, एकटी, आणि काम कुठेही बसून करता येण्यासारखं. रेडिओच्या कार्यक्रमांचं ध्वनिसंपादन. लोक बोलतात, मी कापते. दादा मला लहानपणापासून ‘कात्री’ म्हणतो. तेव्हा जिभेमुळे म्हणायचा, आता धंद्यामुळे.

थोरली चौदाची. तिने दारातच सांगून टाकलं की तिला कुणी सांभाळायची गरज नाही, आणि माझ्या स्वयंपाकाबद्दल बाबांनी तिला आधीच सावध केलं आहे. धाकटा आठचा. सतत गुणगुणतो म्हणून भुंगा. त्याचं खरं नाव फक्त शाळेत चालतं.

मला वरची खोली दिली आहे. खिडकीला गज, समोर लाकडाच्या वखारीची आंधळी भिंत, आणि दिवसभर करवतीचं किंचाळणं. त्या आवाजात माझं काम होणं शक्य नाही, म्हणून आल्या आल्या भिंतींना, खिडकीला आणि दारालाही जाड फोम आणि जुन्या रजया ठोकल्या. आत मी गळा काढून रडले तरी खाली जेवणाच्या टेबलाशी ऐकू जायचं नाही, असं म्हटलं तर थोरली म्हणाली, म्हणजे आम्ही सुटलो.

घराची एक पद्धत आहे. रोज नाश्त्याच्या वेळी तिकडून फोन येतो. चित्र नाही, जेमतेम आवाज पोचतो. टेबलावर स्पीकर आणि माइक ठेवला आहे, त्यांच्या तारा जिन्यावरून माझ्या यंत्रापर्यंत नेल्या आहेत. फोन ठेवण्याआधी आई-बाबा प्रत्येकाला उद्याचं एक काम सांगतात. एकच. ते निमूट करायचं आणि केल्याचं कळवायचं. वहिनीचं म्हणणं, रागवायला जवळ नाही तर निदान सांगायला तरी जवळ असावं. आज मलाही मिळालं. वन्सं, उद्या चहात साखर निम्मी. मागून दादा ओरडला, कात्रीला कापायलाच लाव काहीतरी! सगळे हसलो. किती दिवसांनी कुणाबरोबर हसले मी.

११ मार्च

दादा थोरलीला फोनवरून टाके घालायला शिकवतो आहे. संत्र्याची साल कापायची आणि शिवायची. त्याची वाकडी सुई, चिमटा, दोरा कपाटात आहे. सुई सरळ टोचू नकोस, मनगट वळव, गाठ कडेला ओढ. तिचा हात हुबेहूब बापाचा. आजचं संत्रं तिने असं शिवलं की भुंगा म्हणाला, याला आता घरी सोडा.

मध्येच पलीकडे वहिनी कुणावर तरी खेकसली : त्याला बोलू देऊ नका, टाके उसवतील! जबडा फुटलेला एक माणूस होता म्हणे, घरच्यांना निरोप सांगायची धडपड करत होता. भुंग्याला ते वाक्य फार आवडलं. दिवसभर ताईने तोंड उघडलं की त्याचं चालू, हिला बोलू देऊ नका, टाके उसवतील.

सगळे फोन मी रेकॉर्ड करते. भुंग्याला अंघोळीच्या वेळी ऐकायला लागतात. सवयीने खरखर, खोकले काढून टाकते. कामाचे माझे दोन नियम आहेत. श्वास कापायचा नाही. नवशिके शब्दाच्या कडेवर कापतात आणि माणूस मेल्यासारखा बोलतो. मी प्रत्येक शब्दाआधीचा अर्धा श्वास ठेवते. खात्यात माझं काम त्यावरून ओळखतात. आणि दुसरा नियम, माणूस जे म्हणाला नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नाही.

१९ मार्च

तीन दिवस फोन नाही. संस्थेचा इथला समन्वयक, जो रोज फोन जोडून देतो, तो सांगतो, लाईन पडली आहे. हळू बोलणारा भला गृहस्थ, एरवी फोनवर दादाच्या विनोदांना उगाच मोठ्याने हसायचा. आज हसला नाही. भुंगा स्पीकरसमोर ताटली घेऊन बसतो आणि खात नाही. गुणगुणणं थांबलं आहे. थोरलीने त्याला वेडा म्हटलं, मग न्हाणीघरात जाऊन पाणी सोडून बसली.

२१ मार्च

दुसरा नियम मोडला.

समन्वयकाचा फोन आला होता. इस्पितळात शस्त्रं घेऊन लोक शिरले. एकेक खोली उघडत गेले. कोण वाचलं ते कळत नाही, तोवर मुलांना काही सांगू नका म्हणाला. त्याच्या त्या ‘तोवर’वर मी माझी सगळी सदसद्विवेकबुद्धी टांगून ठेवली. जुन्या फोनमधले तुकडे काढले. दादाचं हसणं, वहिनीची चौकशी, पाठ सरळ ठेव, नखं काप. मुलं जिथे बोलतील तिथे जागा सोडली. मुलं काय बोलतील ते मला ठाऊक होतं. सकाळी लावलं. भुंगा दोन पोळ्यांच्या जागी तीन जेवला. थोरली बराच वेळ स्पीकरकडे बघत होती. तिला कळलं असावं असं वाटलं. मग तीही बोलू लागली. कळून बोलली की न कळता?

मी हे त्यांच्यासाठी केलं की मला सांगवत नव्हतं म्हणून? प्रश्न लिहून ठेवते. उत्तर आज देत नाही.

२४ मार्च

आज भुंग्याने भलतंच विचारलं, बाबा, तुम्हाला दुखतंय का? या प्रश्नासाठी मी जागा सोडलीच नव्हती. दादाचा आवाज म्हणाला, हो.

वर धावले. रेकॉर्डिंग तपासलं. तिथे फक्त मी सोडलेली शांतता होती. कान लावून ऐकलं. शांततेच्या तळाशी काहीतरी ओल्या पोत्यावर आपटत होतं. पुन्हा पुन्हा. मग दार उघडल्याचा आवाज, आणि पुन्हा आपटणं.

२६ मार्च

संध्याकाळी थोरली माझ्या दाराशी पेचकस घेऊन बसली होती. आतली कडी काढून बाहेर बसवत होती. विचारलं तर म्हणाली, बाबांनी कालच सांगितलं, तू चहा ओतत होतीस. भुंग्याने कपाटातली हत्यारं उकळून फडक्यावर मांडली होती. त्याचं ते काम.

मी यातलं काहीही कापून जोडलं नव्हतं. कडी पुन्हा आत लावायला सांगितली, तर तिने इतक्या शांतपणे माझ्याकडे पाहिलं की मी विषयच सोडला. एरवी ती बापाशीही वाद घालायची.

२८ मार्च

टेबलावरचा माइक चालू ठेवून सकाळचं सगळं रेकॉर्ड केलं. आता आवाज सापडले. दादाचं ‘कडी’ पहिल्या आठवड्यातलं, मागे जनरेटर आहे. वहिनीचं ‘उकळून’ एका सकाळचं, तेव्हा तिला सर्दी होती. वेगवेगळ्या दिवसांचे शब्द एका ओळीत बसवलेले. कुणीतरी कापले आहेत. उत्तम कापले आहेत.

प्रत्येक शब्दाआधी अर्धा श्वास आहे.

हा माझा हात आहे. मी केलं नाही. पण हात माझा आहे. माझ्याकडून कोण शिकलं?

३० मार्च

स्पीकरची तार उपटली. समन्वयकाचा फोन आला, उद्या सकाळी स्वतः येतो, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणजे संपलं. माझा दादा. माझी वहिनी. मी गॅस बंद केला, नाश्ता टेबलावर ठेवला, आणि मुलांना आजच आपणच सांगायचं असं ठरवून तोंड उघडलं. तेवढ्यात उपटलेला स्पीकर बोलला. उद्या. एक माणूस. येईल. त्याला बोलू देऊ नका.

मुलं हो म्हणाली. वाद नाही.

मी समन्वयकाला फोन करून थांबवायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम. केलं नाही. खरं लिहायचं तर त्या आवाजाने ते सांगितलं तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. ती बातमी घरात कुणीही उच्चारू नये, हे मी त्याच्याआधी म्हटलं होतं. मनात म्हटलं होतं. त्याने तेही कापून घेतलं का?

३१ मार्च

डाव्या हाताने लिहिते आहे.

तो आला. टोपी हातात धरून आला. भुंग्यासाठी रंगीत खडू आणले होते. खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, बाळांनो, तुमचे आई-बाबा फार शूर

थोरलीने मागून हातोडा घातला. कानामागे. मग दुसरा. तो चालत दारापर्यंत गेला, खरंच गेला, दारात गुडघ्यांवर बसला आणि उताणा कोसळला. टोपी सोडली नव्हती. भुंगा त्याच्या छातीवर बसला आणि गुणगुणू लागला. किती दिवसांनी गुणगुणला. मी तिला मिठी मारून मागे ओढलं, तिने माझा हात स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीत धरून ते दार लावलं. बोटं मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. धंद्याची सवय.

तो अजून बोलायला बघत होता. ओठ हलत होते. तिने सुई घेतली. मनगट वळवलं. गाठ कडेला ओढली. फार सुबक. भुंगा म्हणाला, याला आता घरी सोडा.

मी वर पळाले, इथला फोन घ्यायला. फोन खाली टेबलावर होता. मागे कडी लागली. बाहेरून.

१ एप्रिल

दार हलत नाही. खांदा काळानिळा झाला. फोम उपसायला एकच हात आहे. करवत किंचाळते आहे. मी ओरडते, वखारीला ऐकू जात नाही. रजया मीच ठोकल्या. चांगल्या ठोकल्या.

हेडफोनमध्ये मात्र खालचं सगळं ऐकू येतं. टेबलावरचा माइक चालू आहे. कालपासून कुणीतरी टाचेने फरशी बडवत होतं — सकाळी थांबलं. मुलं नाश्ता करतायत. थोरली भुंग्याला म्हणते, नीट बस, आई ओरडेल.

दार उघडणार नाही. पण तार आहे. इथून बोललं की खालच्या स्पीकरवर जातं. स्पीकरची तार उपटली असली तरी — त्याला काय — तोही तसाच बोलतोय. माझी ऐकतील. माझा आवाज ओळखतात. सांगायचंच. आत्ता. न कापता, एका दमात —

नंतर

बोलले. म्हटलं, बाळांनो, मी आत्या. आई-बाबा आता येणार नाहीत.

हेडफोनमध्ये ऐकलं, खाली काय पोचलं ते. माझाच आवाज. बाळांनो. मी आत्या. आई-बाबा. आता. येणार.

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पुन्हा बोलले. ओरडले. दर वेळी तेवढंच कापतो. ‘नाहीत’ कापतो. इतकं सफाईने — मलाही सांधा सापडत नाही —

२ एप्रिल

आता मी बोलत नाही. तोंड मिटून बसले आहे. तोंडावर तळहात. तरी खाली मी बोलते आहे. मोठ्याने. लाडाने. प्रत्येक शब्दाआधी अर्धा श्वास —

थोरलीने विचारलं, आत्या, वर कोण धडका मारतंय?

मी सांगितलं. म्हणजे खालच्या मी —

भुंगा गुणगुणतोय. फडकं झटकल्याचा आवाज. चिमटा. हे पान दाराखालून सरकवावं तर फोम — फोम खिळ्यांनी —

ती काम सांगते आहे. माझ्या आवाजात. मुलं नीट ऐकतायत. मीही सवयीने लिहून घेते —

उद्याचं काम : वरच्या खोलीत एक बाई आहे. तिला बोलू