उजव्या कोपऱ्यातला माणूस उंचवट्यावर

डॉ. शिरीषराव यांस, आखातातल्या अल् घुब्राहून धनंजयचा एका हाताने नमस्कार. (दुसरा खांद्याच्या वर जात नाही. कारण पुढे येईलच.) चिपळूणचा दवाखाना जोरात असेल आणि वहिनींचे गुडघे आता कुरकुरत नसतील, अशी आशा करतो. तुमची धाकटी बहीण कलावती मजेत आहे, रेवाही मजेत आहे. मजेत नाही असा घरात एकच माणूस आहे. हे व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण माझा फोन कलावती माझ्याआधी वाचते. म्हणून कागद, आणि तो तुमच्यापर्यंत पोचवायला उद्या सुट्टीवर गावी निघालेला ऑफिसातला जहूर.

आमच्या अल् खुवैरच्या ऑफिसातल्या मोरितासाहेबांनी, हे जपानी गृहस्थ, सगळ्यांना सहकुटुंब बेसबॉलला जुंपलं आहे. मी वर्षभर मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात उभा असे. शिरीषराव, ती जागा म्हणजे निव्वळ सुख. चेंडू तिकडे महिन्यातून एकदा येतो, मैदानातलं एकुलतं एक झाड तिथेच, आणि झाडाखाली माझा चहाचा थर्मास. पण आमचे पिचर होते दोनच. (पिचर म्हणजे गोलंदाज, फक्त धावत यायचं नाही आणि टप्पा टाकायचा नाही, म्हणजे मला जे येतं ते सगळं वर्ज्य.) एकाची सलालाला बदली झाली, दुसऱ्याचं, वसईच्या ऑस्टिनचं, कोपर दुखावलं. नेमका त्याच आठवड्यात माझ्याकडे चेंडू आला. मी तो मधल्या माणसाकडे फेकला, तो सगळ्यांच्या डोक्यांवरून साहेबांच्या गाडीच्या काचेत शिरला. दुसरा साहेब असता तर ओरडला असता. हे पावलं टाकत अंतर मोजायला निघाले. नव्वद भरली. खांदा आहे, दिशा शिकवू, असं म्हणून त्यांनी मला पिचरच्या उंचवट्यावर चढवलं.

पहिल्याच सामन्यात मी सवयीने बारा पावलं मागे गेलो, धावत आलो आणि फलंदाजाच्या अंगठ्यावर सुरेख यॉर्कर घातला. तो तिथेच बसला. पंच हमझा शांतपणे म्हणाले, "हबीबी, ये क्रिकेट नहीं है. यल्ला, फिर से." चार चेंडू वाकडे गेले की फलंदाज न खेळताच पुढे चालत जातो. माझ्या कृपेने त्या दिवशी अकरा जण चालले. एवढं चालायला तुम्हीही कुणाला सांगत नसाल. येताना गाडीत रेवा म्हणाली, "बाबा, तू फास्ट टाकतोस. पण... तिकडे जात नाही ना." कलावतीने रेडिओचा आवाज वाढवला, ते जास्त लागलं. बायकोसमोर अशी शोभा होणं बरं नव्हे. आता शुक्रवारी सोहारवाल्यांशी सामना आहे आणि फळ्यावर पुन्हा माझंच नाव आहे. मला माझं झाड परत हवं आहे, बाकी काही नको.

वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला,
धनंजय

ता. क. मुख्य काम राहिलंच. दवाखान्याच्या कागदावर 'उजवा खांदा कायमचा निकामी' असं सर्टिफिकेट लिहून, फोटो काढून ऑफिसच्या मेलवर पाठवा. पत्र मिळताच. कलावतीला कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी संध्याकाळचा सराव होऊन आला. माझा चेंडू कुणीतरी डाव्या कोपऱ्यात टोलवला. तिथे कलावती उभी असते. तिने उचलला आणि एकाही टप्प्याविना असा फेकला की झेलणारा हातमोज्यासकट मागे कोलमडला. साहेबांनी तिथल्या तिथे तिला पिचर केलं. शिरीषराव, मला अभिमान वाटला, हे आधी लिहितो. (लग्नाआधी हे तुम्ही का सांगितलं नाहीत, ते नंतर विचारीन.) मी निमूट झाडाकडे निघालो होतो. पण तिच्यासमोर झेलायला कुणी उभं राहीना, तेव्हा कलावतीनेच साहेबांना सांगितलं, "ह्यांना उभं करा. ह्यांना सवय आहे." तेव्हा खांद्याचं राहू द्या. सर्टिफिकेट बोटांचं पाठवा. दहाही.