आईचं ऑपरेशन: दुर्बिणीनं की उघडून

४ नोव्हें.
आई वस्तीभर सांगत सुटली आहे की तिचं ऑपरेशन झालं. झाली आहे ती फक्त तपासणी. मागच्या बाजूने नळी घालून आतडं बघितलं, चिमूटभर तुकडा काढला. पण त्यालाही दुर्बीणच म्हणतात आणि पोटाला भोकं पाडून करतात त्या ऑपरेशनलाही दुर्बीणच. आज भाकरी थापता थापता म्हणाली, "दुर्बीण झाली की. परत कशाला जायचं नगरला?"
रिपोर्ट माझ्या खिशात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर.
सांगितलं. तवा उतरवला तिने. मग विचारलं, "मूळव्याध न्हाई म्हनजे?" वर्षभर रक्त पडत होतं आणि आम्ही मूळव्याधीच्या पुड्या देत होतो. त्या तपकिरी पुड्यांचा वास अजून फडताळात आहे. सगळ्या उकिरड्यावर फेकल्या. हात तीनदा धुतले, तरी येतोच.

६ नोव्हें.
मामा आला. शेळ्यांच्या बाजारातून थेट, हातपाय न धुता. आईचा थोरला भाऊ म्हणून त्याला पहिलं ताट. पुड्या यानेच आणल्या होत्या, त्याबद्दल एक शब्द नाही. रश्श्यात चार बोटं बुडवून मला शिकवत होता, "आरं लेका, भोकातून काय दिसतंय? बोकड साफ करायचं तर उघडावंच लागतंय. हात घालून, समदं खरवडून..."
माझं जेवण तिथेच संपलं. आई मात्र हसली. "मी बोकड हाय व्हय रं दादा?"

१० नोव्हें.
नगर. डॉक्टरबाई तरुण आहेत, घाई करत नाहीत. दुर्बिणीने की उघडून, दु. की उ., मी सरळच विचारलं. म्हणाल्या, रोग काढण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. नीट केलं तर आतून तेवढंच निघतं. दु.ने दुखणं कमी, माणूस लवकर उठतो, लवकर घरी जातो. तुकडा बाहेर काढायला शेवटी एक लहान छेद द्यावा लागतो, एवढंच.
मामा : "उघडून केलं तर मुळासकट निघंल ना पण?"
"त्याला मुळं नसतात काका. आजूबाजूच्या गाठी असतात. त्या दोन्हीकडून निघतात."
मामाचं तोंड असं, की फसवायला निघालेत सगळे. त्याच्या मते एवढ्या मोठ्या आजाराला एवढीशी भोकं म्हणजे अपमान.
पण एक अडचण निघाली. आईचं पोट आधी उघडलेलं आहे, गर्भपिशवी काढली तेव्हा. आतडी त्या जुन्या जखमेला चिकटलेली असू शकतात. तसं असेल तर दु.ने सुरू करून मध्येच उ. करावं लागेल. ते आत गेल्याशिवाय कळत नाही.
आम्ही तिघं बोलत होतो. आई खुर्चीच्या कडेवर बसून होती. एकदम म्हणाली, "पोट माझं हाय. मला इचारा की." डॉक्टरबाईंनी लगेच खुर्ची तिच्याकडे वळवली. "सांगा मावशी."
"फाडू न्हाई देनार."

१२ नोव्हें.
गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला गेल्या. रस्ता मोकळा. आईने आज जुना व्रण दाखवला, जन्मात पहिल्यांदा. बेंबीखाली उभा, जाड, वेडावाकडा. पोतं शिवताना दाभण फिरवतात तसा.
"तू कडेवर व्हतास. अंगावरून जायचं म्हनून दवाखान्यात गेलते. डाक्टर म्हनला, पिशवी न्हाई काढली तर कॅन्सर व्हईल. काढली. टाके ओले व्हते, अन् मुकादम म्हनला चला. फडात मोळ्या उचलून टाका उसवला. पू झाला. पाचटाच्या कोपीत माशा बसायच्या, ह्या हातानं हाकायची अन् ह्या हातानं तुला पाजायची."
बाहेर जाऊन ओकलो. माशांमुळे नाही. त्या डॉक्टरच्या तोंडच्या शब्दामुळे. त्याने कॅन्सरची भीती घालून पिशवी काढली, आणि आता खरा कॅन्सर आला तर त्याचीच जखम आडवी येणार. अशा माणसाला जेवण गोड कसं लागत असेल?
परत आलो तर म्हणाली, "तू दाराशी थांबायचं. फाडू द्यायचं न्हाई. म्हन हो."
हो म्हणालो.

१८ नोव्हें.
भरती. पोट साफ करायचं औषध, मीठ-लिंबासारखं, जगच्या जग. आई घोट घेते आणि माझ्याकडे शत्रूसारखी बघते. दुपारपासून संडासाच्या फेऱ्या. दारावर 'शौच्यालय' लिहिलंय, खालची फरशी बघवत नाही. चप्पल चिकटते. कोणीतरी खिडकीत अर्धी इडली ठेवली आहे. तिथे! आईचा दंड धरून, श्वास रोखून उभा. तिला कळलं. "नाकाला रुमाल लाव लेका, मला राग न्हाई." लावला नाही. लावायला हवा होता, मग तिच्यासमोर उमासे आले नसते.
संध्याकाळी डॉक्टरबाई सहीला आल्या. "मावशी, दुर्बिणीनेच सुरू करते. अडलं तर उघडावं लागेल. त्यालाही ही सही आहे. कळलं ना?"
आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "कर सही. मी हाय दाराशी."
केली.

१९ नोव्हें.
आत नेलं. मी दारातच. मामा बाकावर पाय वर घेऊन फोनवर, "हो, मोठं ऑपरेशन! नगरला!"
बऱ्याच वेळाने डॉक्टरबाई बाहेर. आतडी चिकटलेली आहेत. "अजून रेटलं तर फाटतील. इथेच थांबवलं तर गाठ आत राहते. सही आहेच. पण त्यांनी काय सांगितलं होतं ते मला माहीत आहे, म्हणून तुम्हाला सांगायला आले."
मामा : "म्या म्हनलंच व्हतं!" चेहऱ्यावर आनंद. खरा आनंद. त्या क्षणी त्याच्या पान खाल्लेल्या दातांची इतकी शिसारी आली, की भिंतीकडे बघून बोललो.
"उघडा."
दुसरं काही बोलता आलं असतं का? रात्री उलटसुलट करून बघतोय. येत नाही.
नंतर ट्रे आणून दाखवला, नातेवाइकांना दाखवतात. हिरव्या कापडावर आईच्या आतड्याचा तुकडा, ओला, राखाडी-गुलाबी. चिरून पसरला होता, मधे ती गाठ. वरून फुटलेली, कडा उलटलेल्या. एवढीशी. वर्षभर आमच्या भाकरीवर पोसलेली. मी बघितलं. बघायचंच होतं. मामाने मोबाइल काढून फोटो घेतला. पाव्हण्यांना पाठवला. कोणीतरी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

२० नोव्हें.
आय.सी.यू. लांबूनच. झोपेत होती. ताप नाही.

२१ नोव्हें.
वॉर्डात आणलं. पाठीतल्या नळीतून दुखणं कमी करायचं औषध चालू, पोटाला रुंद पट्टा. गाठींचा रिपोर्ट यायचा आहे, त्यावर पुढचं औषध ठरणार.
शेजारच्या खाटेवर धारूरकडची बाई, तिचं उद्या. घाबरली आहे. आई अर्धवट गुंगीत तिला धीर देत होती. "काय न्हाई व्हत. माजं बी दुर्बिनीनंच झालं. लेक दाराशीच उभा व्हता माजा."
त्या बाईने माझ्याकडे किती मायेने बघितलं. मी पाणी आणायला गेलो. बाटली भरलेली होती.
डॉक्टरबाईंनी व्हरांड्यात गाठलं. "उद्या ड्रेसिंगला पट्टा सोडणार. त्याआधी त्यांना कळलं पाहिजे. मी सांगू?"
"मी सांगतो."
मामाही उद्याच येणार, तो फोटो घेऊन.
आत आलो. खाटेपाशी बसलो. "आई," म्हणालो.
"काय लिव्हायलास मगापासून? ठिव ते." डोळे मिटलेलेच. हात पट्ट्यावर. "लई जड लागतंय रं. किती भोकं पाडलीत?"
वही गुडघ्यावर आहे. आई उत्तरासाठी थांबली आहे.