बाकीचे पाच पाठ

४ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा दुपारी आलं. मी काजं करत बसले होते. शाळेच्या गणवेशाचे चाळीस सदरे आलेत, एकेका सदऱ्याला सात काजं, म्हणजे किती ते तूच सांग, आता तू गणितवाली होणार. सगळं बाजूला सारलं आणि पत्र तीनदा वाचलं. मोजणी कचेरीतले तुझे साहेब म्हणाले, मार्चच्या आत कॉलेजचं गणिताचं प्रमाणपत्र आणलंस तर नुसती पट्टी धरून उन्हात उभं राहणं सुटेल, दुर्बिणीमागे तू उभी राहशील. मी एकटीच हसत बसले खुळ्यासारखी. मग खाली जाऊन छापखानेवाल्याला सांगून आले. तो म्हणाला, आधी शिकतात मग नोकरी करतात, हिचं उलटं कसं? मी म्हटलं, तुम्ही जन्मभर अक्षरं उलटी जुळवताय, छापून सुलटीच येतात ना? 

फोन करू नकोस हं. माझे कान आता नावालाच. मी हो हो करते आणि तुला वाटतं म्हातारीला कळलं.

तू लिहिलंस की तीन अभ्यासक्रम आहेत, बीजगणित, त्रिकोणमिती आणि ते तिसरं मला नीट वाचता आलं नाही, आणि कुठला घ्यावा कळत नाही. मी दोन इयत्ता शिकलेली, मी काय सांगणार? पण काजाला आधी खूण करतात, मग चीर देतात. खूण न करता कात्री चालवली की सदरा गेला. तेव्हा ती प्रवेशाआधीची चाचणी आहे म्हणतेस, ती आधी दे. आणि घाबरू नकोस. त्या कॉलेजची माणसं फार सबुरीची. एक पाठ सोडवून टपालाने पाठवला की तपासून परत करतात. उशीर झाला तर रागावत नाहीत, लिहून कळवलं की वेळ वाढवून देतात.

खोकला गेला का? शेजारणीची मांजर व्यायली, चार पिल्लं, त्यातलं एक अगदी तुझ्यासारखं गरगर फिरतं.

लोभ आहे तो राहू दे, आणि जेवण वेळेवर कर.
तुझी आजी


१२ जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

चाचणी दिली. निकाल यायचा आहे. पण आज दुसरंच लिहायचं आहे.

चौकशीसाठी कॉलेजला फोन केला होता. तिथल्या बाईंनी नाव विचारलं, घरचा पत्ता विचारला, आणि म्हणाल्या, या पत्त्यावर आमचा एक विद्यार्थी आहे. लेथवर काम करतात. बीजगणिताच्या बारा पाठांपैकी सात झाले, मेहनती आहेत. मी म्हटलं, ते माझे वडील. मग त्यांनी विचारलं, आता तब्येत कशी आहे? त्यांच्या आईंची दोन पत्रं आली होती, दमलेत म्हणून.

मी म्हटलं, बरे आहेत. आणि फोन ठेवला. मग कचेरीच्या पायरीवर बसून राहिले. साहेबांना वाटलं ऊन लागलं.

आजी, बाबांना जाऊन चौदा महिने झाले. ते शिकत होते हे मला कुणी सांगितलं नाही. आणि तू हे काय करते आहेस? मी रागावलेली नाही. पण नीट सगळं लिही. मांजरीचं नंतर.

तुझी
भिंगरी


१९ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मांजरीचं नंतर म्हणालीस, बरं. पण दोन पिल्लं दिली लोकांना, एवढंच.

तू नोकरीला गेलीस त्याच महिन्यात त्याने नाव घातलं. कामावरून आला की हातपाय धुऊन माझ्या टेबलाच्या त्या टोकाला बसायचा. या टोकाला माझी काजं, त्या टोकाला त्याची गणितं. लेथवर केसाएवढं माप धरणारा माणूस, पण पेन असं धरायचा जसं काही मोडेल. मधेच पुटपुटायचा. मी विचारलं, या वयात कशाला रे? तर म्हणाला, बघायचंय. काय बघायचंय ते सांगितलं नाही. तुला कळवू नकोस म्हणाला, बारा झाले की आपणच सांगू.

मागल्या एप्रिलात तो गेला. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, तेव्हाही मी उभी राहिले होते, पण या वेळी पाय राहिले नाहीत. जूनमध्ये खाकी पाकीट आलं. सातवा पाठ तपासून. शंभरात एक्क्याऐंशी. खाली लाल शाईने लिहिलेलं, छान प्रगती, आठव्या पाठाची वाट पाहत आहोत.

तोवर सगळ्यांचं विचारून झालं होतं गं. कारखान्यात त्याच्या लेथवर दुसरा माणूस उभा होता. त्याचे बूट मी देऊन टाकले होते. आणि इथे कुणीतरी अजून वाट पाहत होतं. मी लिहिलं, मुलगा दमला आहे, वेळ द्यावा. खोटं का होतं? दमलाच होता. त्यांनी सहा महिने दिले. मग आणखी सहा. दर दोन महिन्यांनी पाकीट येतं, वर त्याचं नाव, पोस्टमन हाक मारतो ती त्याच्या नावाने.

आता तिसऱ्यांदा देत नाहीत. ३१ जुलैच्या आत आठवा पाठ आला नाही तर नाव कमी होईल म्हणतात. मी काळजीत होते, आणि तेवढ्यात तुझं पत्र! म्हणून तर हसत होते. तू तेच कॉलेज, तेच गणित करणार. मग त्याचे बाकीचे पाच पाठ तूच सोडव ना. सही मी करते, त्याची सही मला येते. तुझा अभ्यास होईल आणि तो पास होईल. एका दगडात काय ते तुला माहीत आहे. विचार कर आणि हो म्हण.

लोभात ओढाताण नको.
तुझी आजी


२७ जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस पत्र लिहून फाडत होते.

नाही जमणार, आजी. शेवटची परीक्षा समोर बसून द्यायची असते, ओळखपत्र दाखवून. पाच पाठ पाठवले तरी तो परीक्षेचा दिवस येणारच. आणि त्यांच्या नावावर केलं तर मला प्रमाणपत्र मिळायचं नाही. एकाच वेळी दोघांचं करायला कामातून वेळ मिळत नाही. मार्च गेला की ती जागा दुसऱ्याला. मग मी पट्टीच धरत राहीन.

खरं तर एवढंच नाही. आठवीत असताना बाबांनी माझी गणिताची वही भिंतीवर फेकली होती, तुला आठवत असेल. तुझ्या डोक्यात हे कधी शिरायचं नाही, म्हणाले. मी तेव्हा सोडलं ते सोडलंच. पुन्हा त्यावर ते कधी बोलले नाहीत आणि मीही नाही. आता त्यांच्या नावाने मी गणितं सोडवायची आणि तू सही करायची, हे मला नाही होणार.

चाचणीचा निकाल आला. बीजगणितापासून सुरू करा म्हणतात. कचेरीतले म्हणतात ते सोड, मोजणीला त्रिकोणमितीच लागते, थेट तीच घे, तिचंही प्रमाणपत्र चालतं. मला ठरवता येत नाही. ऑगस्टच्या पाच तारखेआधी नाव घालायचं आहे.

कॉलेजला मी काही कळवणार नाही. तू सांगेपर्यंत नाही. बाबांची वही असेल तर पाठवशील का?

तुझी
भिंगरी


२० जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

उशीर झाला. रुसले होते. म्हातारपणी रुसायला कुणी विचारत नाही म्हणून लवकर आटपतं, तरी तीन आठवडे लागले. एकाही सदऱ्याची काजं सरळ आली नाहीत, शिंप्याने गठ्ठा परत पाठवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

वही पाठवते आहे. तू मागितलीस तेव्हा मला आधीच माहीत होतं की पाठवावी लागेल. पंधरा महिने ती मी दडवली, कारण त्यात एक पान आहे. गणित मला कळत नाही पण अक्षरं कळतात. ते पान तुझं होतं. मला वाटायचं, ते दिलं की त्याचं इथलं काम संपलं. म्हणून दिलं नाही. माझी चूक, भिंगरे. तुझं पान मी अडवून धरलं.

कॉलेजला मी लिहिलं. सगळं लिहिलं, एक शब्द येईना. हात तिथे यायचा आणि थांबायचा. खाली छापखानेवाल्याकडे गेले, म्हटलं, एवढा एक शब्द तुम्ही लिहा. त्याने पेन घेतलं, कागद पाहिला, आणि पेन माझ्या हातात परत दिलं. म्हणाला, "बाई, हा तुम्हालाच लिहावा लागेल." मग कामावरच्या एका मुलीला म्हणाला स्टूल आण. मी तिथेच बसून लिहिलं. यंत्र त्याने तेवढा वेळ बंद ठेवलं.

काय लिहिलं ते तुला उतरवून देते.

"माझा मुलगा वारला. मी आधी दमला आहे असं कळवलं होतं. त्याला आता आणखी वेळ देऊ नये. आपण त्याला सात पाठ शिकवलेत, तो खुशीत शिकला. आभारी आहे."

पेटीत टाकलं आणि चालत घरी आले. जेवले. बस, एवढंच.

पानाच्या कोपऱ्याला मी काळा दोरा घातला आहे, सापडायला.

लोभाला काजं पडू देऊ नकोस.
तुझी आजी


२ ऑगस्ट

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

वही मिळाली. दोऱ्याचं पान आधी उघडायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्यापासून वाचत गेले. चौथ्या पाठाशी त्यांनी चौकट करून लिहिलं आहे, "हा दोनदा करावा. घाई केली की पाचवा कळत नाही." मला शाळेत तिथूनच कळेनासं झालं होतं.

मग दोऱ्याचं पान. सहावा पाठ. पाच वेळा खोडलेलं एक गणित, आणि खाली बारीक अक्षरात, "हे खरंच अवघड आहे. पोरीला उगाच बोललो. बारा झाले की सांगावं."

आजी, हेच बघायचं होतं त्यांना.

मी बीजगणित घेतलं. पहिल्या पाठापासून. त्रिकोणमिती नंतर, माझ्या सवडीने. काल अर्ज भरला. त्यात पत्रव्यवहाराचा पत्ता विचारतात. मी खोल्या बदलत असते, म्हणून तुझा दिला. पाकिटं तुझ्याकडे येतील, तू मला पाठव. चालेल ना?

बाबांच्या वहीत मागे बरीच पानं कोरी आहेत. त्यांचं काय करू?

तुझी
भिंगरी


२५ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

चालेल ना, म्हणे. मी रोज अकराला खिडकीत. काजं तिथेच घेऊन बसते. आता सरळ येतात.

काल आलं. तेच खाकी पाकीट. पोस्टमनने खालून हाक मारली आणि मधेच थांबला, पुन्हा वाचलं त्याने. मी जिन्यात गेले. हातात घेतलं. आधी तुझं नाव. मग त्याचं. मग आडनाव. बापाचं नाव मधे लिहितात हे मला काय माहीत नव्हतं? जन्मभर लिहिलं आहे. तरी जिन्यात बसले मी. त्याच्या पुढे तू आलीस आणि तो एक पाऊल मागे सरला, एवढंच झालं. जागा दिली त्याने.

पाकीट फोडलं नाही. तुझं आहे. यासोबतच मोठ्या लिफाफ्यात घालून पाठवते. छापखानेवाल्याने लिफाफा दिला, पैसे घेतले नाहीत. तुझं कसं चाललंय म्हणून विचारत होता. मी म्हटलं, उलटं जुळवतोय, सुलटं येईल.

पहिले सात पाठ तुझ्या स्वतःच्या वहीत कर. घाई नको. चौथा दोनदा. आठव्यापासून मात्र त्याच्या वहीत लिही, जिथे त्याचं थांबलं त्याच्या पुढच्या पानावर. वर तुझंच नाव घाल. ती पानं मी दर आठवड्याला उलटून पाहायची. आता पुरे झालं ते.

गरगर फिरणारं पिल्लू मी ठेवून घेतलं. टेबलाच्या त्या टोकाला बसतं.

तुझी, आठव्या पाठाची वाट पाहत असलेली,
आजी