बॉल मागे पडला होता, बाबा

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा लिहायला बसले. कारण कालच कळलं, ती रग्बीची फायनल माझ्या हातून बॉल सुटल्यामुळे गेली नव्हती. नऊ वर्षं मी उगाच झुरले!

बालाघाटला रग्बीच्या पंचांचं शिबिर होतं. आता मीही तुमच्यासारखीच शाळेत पीटी शिकवते, म्हणून गेले. सरांनी 'नॉक-ऑन'चा नियम घेतला. ते मुद्दाम हातातून बॉल सोडायचे आणि शिट्टी वाजवायची की नाही, ते आम्ही सांगायचं. बॉल पडला की माझा हात आपोआप वर. सर हसले. "मैडम, पहले ये तो देखो, गेंद गिरी किधर?"

किधर? हे तर आपण कधी पाहिलंच नाही, बाबा! बॉल हातातून सुटून पुढे, म्हणजे समोरच्या संघाच्या टोकाकडे गेला आणि जमिनीला किंवा दुसऱ्या कुणाला लागला, तरच नॉक-ऑन. मागे पडला तर चूक नाही, शिट्टी नाही, खेळ चालूच. आणि तुम्ही आम्हाला काय शिकवलंत? बॉल पडला की चूकच.

तुम्ही मुळातले कबड्डीचे. लामत्याच्या शाळेत तो लांबुळका बॉल आला, आईने त्याला पहिल्याच दिवशी पपई म्हटलं, आणि तुम्ही नियमांच्या एका हिंदी झेरॉक्सवरून आमचा संघ उभा केलात. शिस्त मात्र कबड्डीचीच ठेवलीत. चूक झाली की पंचाची वाट पाहायची नाही, आपणच हात वर करून थांबायचं. "खोटं खेळून जिंकाचं नाही," हे तुमचं ठरलेलं वाक्य.

मग फायनलला दुसरं काय होणार होतं? शेवटची दोन-तीन मिनिटं, आपण पुढे, पास माझ्याकडे आला आणि सुटला. मी हात वर करून उभी राहिले. मला पाहून आपल्या सगळ्या पोरी शहाण्यासारख्या थांबल्या! शिट्टी काही वाजली नाही. समोरच्या मुलीने बॉल उचलला आणि आरामात पळत जाऊन आपल्या टोकाच्या रेषेपलीकडे टेकवला, म्हणजे ट्राय केला. आपण हरलो.

काल सरांसमोर उभी असताना एकदम आठवलं. तो पडलेला बॉल बघायला मला मान मागे वळवावी लागली होती. मागे, बाबा! मी तिथे मैदानातच रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पण तुमच्यावर थोडा राग आहे, तोही ऐका. मॅच संपल्यावर तुम्ही पंचाजवळ जाऊन काहीतरी विचारत होतात. मला वाटलं, माझ्यासाठी माफी मागताय. परतीच्या बसमध्ये तुम्ही ड्रायव्हरजवळ बसलात आणि लामता येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाहीत. घरी पपई कपाटावर गेली. त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही.

काल घरी आल्यावर शेवटी आईला विचारलं, बाबा तेव्हा माझ्यावर एवढे का चिडले होते? ती तांदूळ निवडत होती.

"चिडले कुठं वं? आल्या आल्या मले म्हनले, हात वर कराले म्याच शिकवलं, पोरीनं तेच केलं. आता कोन्त्या तोंडानं बोलू तिच्याशी?"

"मग तू मले काहून नाही सांगतलं?"

"मले वाटलं, तुमी बापलेकी बोलले असान."

ऐकलंत? म्हणजे पंचाला तुम्ही तेव्हा नियमच विचारत होतात. तुम्ही मला तोंड दाखवायला लाजत होतात आणि मी तुम्हाला! एकाच घरात दोघं स्वतःला दोष देत बसलो, आणि जेवताना भाजी वाढण्यापलीकडे बोललो नाही. एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं? पण राग नव्हता ना तुमचा? एवढं कळलं, पुष्कळ झालं.

पपईत आज हवा भरली आहे. माझ्या मुलींना सांगणार आहे, बॉल पडला तर आधी बघा कुठे पडला, आणि शिट्टी वाजेपर्यंत खेळत राहा. कबड्डीत मात्र तुमचाच नियम चालेल, स्पर्श झाला की हात वर. आणि एखादीच्या हातून मॅच गेली, तर परतीच्या बसमध्ये मी तिच्या शेजारी बसेन. हे वचन.

तुमची,
रंजू