जालन्याच्या मशीनला आमची पहिली ओळ कळेना

अंबड, बुधवार

तीर्थरूप बद्रीनाथ दाजींच्या पायांशी अप्पारावचा नमस्कार. इकडे सगळे धडधाकट. ताईचा गुडघा काय म्हणतो ते कळवा.

ताजी खबर अशी, की माझ्या कॉम्प्युटर क्लासचे झाडून सगळे विद्यार्थी जालन्याच्या सराव परीक्षेत आपटले. परीक्षक सर्जेराव सरांनी स्वतः फोन करून खात्री दिली. (तुमचे कॉलेजातले जोडीदार. खात्री देताना आवाजात फार समाधान होतं.) खरी परीक्षा सोमवारी आहे. तीही बुडाली तर क्लासच्या पाटीवर मला गोळ्या-बिस्किटं रंगवून घ्यावी लागतील.

गुन्हा काय, तर पहिली ओळ. सी भाषेतला प्रोग्राम आधी पडदा पुसून, म्हणजे स्क्रीनवरचं जुनं सगळं घालवून, मग सुरू करायचा, हे तुम्हीच पुण्याहून येऊन शिकवलंत. मलाही ते पटलं. सडा टाकल्याशिवाय रांगोळी कोण काढतं? पडदा पुसायचा हुकूम आमच्या कंपायलर नावाच्या दुभाष्याच्या लायब्ररीत, म्हणजे तयार हुकुमांच्या कपाटात, आयता मिळतो. जालन्यात भाषा तीच, मशीनही तसंच, पण कंपायलर दुसऱ्या कंपनीचा. त्याच्या लायब्ररीत हा हुकूम नाही, त्यामुळे प्रोग्राम पहिल्याच ओळीला फतकल मारून बसतो. सर्जेराव सर म्हणाले, "अप्पाराव, ते तुमच्या घरचं लोणचं हे. पंगतीत मागू नका." भाषेच्या प्रमाण लायब्ररीत जे ठरलंय तेवढंच सगळ्यांनी वाढायचं, बाकी ज्याची त्याची हौस. हे ज्ञान मला निकालानंतर मिळालं, ही सरांची कृपा.

मग निदान जिल्ह्यापुरती तरी एकच लायब्ररी ठरवावी, म्हणून मी बैठक बोलावली. जाफराबादचा क्लासवाला धर्मराज जीपला लटकून आला. पडदा पुसायचा हुकूम त्याच्याकडेही आहे, फक्त नाव वेगळं. मी ते बदलायला सांगितलं. "आमचंच बराबर हे, मास्तर. पोरं पाठ करून बसलीत. तुमीच घ्या बदलून." शेवटी ठराव एकमताने झाला: जिल्ह्यात एकसारखेपणा हवा, आणि कोणी काही बदलू नये. चहा चांगला होता.

आपला,
अप्पाराव

ता. क. सर्जेराव सर तुमचं ऐकतात. सोमवारच्या आत त्यांच्या मशीनवर आमची लायब्ररी टाकायला सांगा.

ता. क. २. वरचं राहू द्या. आमच्या विद्यार्थिनी नंदाबाई (शाळेत शिक्षिका आहेत) यांनी ती ओळच खोडली. प्रोग्राम चालला, उत्तरही बरोबर आलं. मी विचारलं, आता पडदा कोण पुसणार? "कशाला पुसायचा, सर? उत्तर तर वाचून राह्यलो ना आपण." संस्कार म्हणून काही राहिले नाहीत. मी सगळ्यांना ओळ खोडायला लावली आहे. फक्त धर्मराजला हे बोलू नका. तो तुमचा भाचा लागतो खरा, पण सोमवारी त्याचाही क्लास परीक्षेला बसतोय, स्वतःची पहिली ओळ घेऊन.

ता. क. ३. नंदाबाईंची बहीण चांगुणाबाई धर्मराजच्याच क्लासला जाते, असं आत्ता कळलं. नंदाबाई दुपारच्या एसटीने तिच्याकडे गेल्या आहेत. तेव्हा सोमवारी दोन्ही क्लास पास होतील आणि जिल्ह्यात एकसारखेपणा येईल, असं दिसतं.