चौसष्टवरचा होल

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

पुन्हा पलटली! तिसऱ्यांदा, आणि त्याच दगडावर. खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यावर गेलो होतो, मी आणि धाकटी बहीण हर्षा. पहिले दोन दगड आमची रिमोटची क्रॉलर इतक्या थाटात चढली की मी मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. तिसऱ्यावर गॅस दिला, गाडीने अंग डावीकडे टाकलं, उजवं पुढचं चाक हवेत — आणि बाईसाहेब चारी चाकं वर करून पडल्या. व्हिडिओ पुसला.

वाटेत बाबूलाल भेटला. त्याचा नेहमीचा प्रश्न — "पळते किती बे?" पळत नाही! चढते. माणसाच्या चालीपेक्षा हळू जाते आणि गुडघ्याएवढ्या दगडावर चढते, म्हणून तर रिमोटच्या बाकी गाड्यांपेक्षा ती वेगळी. किती जणांना किती वेळा सांगायचं? आता सांगणार नाही.

चेसिस ग्रामपंचायतीच्या भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या बोर्डाची आहे. आखली मी. कापली हर्षाने, तिचा हात सरळ चालतो. तुमसरला आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पोरांना शिकवते ती.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शॉक ॲब्सॉर्बरमध्ये शिलाई मशीनचं तेल घालून पाहिलं. फार पातळ. बेडकासारखी उड्या मारते.

९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस कामी आला. जुन्या नळाची पितळी तोटी कापून तिचे दोन तुकडे पुढच्या एक्सलला बसवले, वजन पुढे आणि खाली गेलं. टायरच्या आतला फोम चारी बाजूंनी थोडा छाटला, टायर आता दगडाला धरून बसतो.

पण अंग टाकणं थांबेना. मोटर जोर लावते तेव्हा सगळं धड पिळतं, त्याला काय करायचं? हर्षा बराच वेळ गाडी उलटी धरून बसली. मग म्हणाली, "दादा, मागचा उजवा शॉक पुढं सरकवून पाहू. डावा राहू दे तिथंच." दोन बाजूंना दोन मापं! मला आधी हसू आलं. मग पटलं. मीही साधारण त्याच दिशेने विचार करत होतो.

बाबांच्या पट्टीने मोजलं. बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, ही स्टीलची पट्टी तिथलीच. हिचं टोक झिजून गोल झालंय, म्हणून बाबा नेहमी एक सेंटीमीटरच्या रेघेपासून मोजायचे आणि शेवटी दहा मिलिमीटर वजा करायचे. आम्हीही तसंच करतो. वहीत पट्टीवर दिसतं तेच माप लिहायचं, दहा मनात वजा करायचे — ही आमच्या घरातली रीत. नवीन पट्टी दुकानात मिळते हे दोघांनाही माहीत आहे, पण आणायची कोणी?

तर उजवा शॉक : वहीत ६४. म्हणजे खरं ५४. होल मारला.

१० नोव्हेंबर, सोमवार

चढली!! तोच दगड, सात वेळा. सातही वेळा सरळ.

१६ नोव्हेंबर, रविवार

साकोलीला १४ डिसेंबरला स्पर्धा ठरली. क्रॉलरवाल्यांच्या ग्रुपवर नियम आलेत. खडकांवर काड्यांची दहा दारं लावणार, काडीला धक्का लागला की गुण कापले, गाडी पलटली तर जास्त कापले. पहिला येईल तो नागपूरला जाणार, मोठ्या स्पर्धेला.

मला नागपूरला जायचंय. इथे लिहून ठेवतो. दिवसभर लोकांचे दाखले काढून देतो, सर्व्हर बंद पडला तरी शिव्या मलाच. एकदा तरी कोणी म्हणावं, हे प्रफुल्लने बनवलं.

साकोलीचा धनंजयही उतरणार आहे. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. त्याच्या गाडीचे सगळे पार्ट बाहेरून मागवलेले, बघतच राहावं. पण चढाला तीही अंग टाकते. ग्रुपवर रडत असतो. रडू दे! होलची गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आज गाडीला हात लावला नाही. सकाळी आईबरोबर विहारात गेलो, हर्षाही होती. दुपारी घरीच.

१३ डिसेंबर, शनिवार

सगळे नट तपासले. बॅटरी चार्ज. बाबांची पट्टीही बॅगेत टाकली, काम पडो न पडो. हर्षा येणार नाही म्हणते, आयटीआयच्या पोरांची परीक्षा आहे म्हणे. रविवारी परीक्षा? विचारलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

घात झाला.

नीट लिहितो. 

नऊ दारं मी एकही काडी न पाडता पार केली. दहाव्या दाराआधी उभा खडक होता, तिथे मागचं चाक घसरलं, एक काडी गेली. तरी सगळ्यांत वर मीच. लोक टाळ्या वाजवत होते. मग शेवटी धनंजय आला. ही गाडी मला माहीत होती. दुसऱ्या दारालाच पडणार म्हणून मी चहाचा कप हातात घेऊन निवांत उभा राहिलो.

पडली नाही. त्या उभ्या खडकावर तर माझ्यापेक्षा सरळ गेली. दहा दारं, एकही काडी नाही. पहिला तो, दुसरा मी.

लोकांना पाहायला त्याने गाडी टेबलावर उलटी ठेवली. मी वाकलो. मागचा डावा शॉक एका जागी. उजवा पुढे! बॅगेतून पट्टी काढली आणि सगळ्यांसमोर मोजलं. चौऱ्याहत्तर. दहा वजा — चौसष्ट.

आमचा होल चोपन्नवर आहे. वहीत चौसष्ट लिहिलंय. दहा वजा करायचे हे बाहेरच्याला कसं कळणार? म्हणजे कोणीतरी वहीतला आकडा जसाच्या तसा याला दिला. आणि वही कपाटात असते. कपाट उघडणारी माणसं दोन. एक मी.

वर त्या चुकीच्या चौसष्टवर त्याची गाडी आमच्यापेक्षा चांगली चढली. हे तर मला मेलो तरी पचणार नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

 ती "कसं झालं दादा?" म्हणाली. "झालं" म्हणालो.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज विचारलं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

मला वाटलं, नाही म्हणेल. ती म्हणाली, "हो, मीच सांगितलं. त्याचा फोन आला होता, चढावर गाडी सारखी पडून राहिली म्हणे. मी म्हटलं, उजव्याले चौसष्टवर होल मार." मग थांबली आणि कपाळावर हात मारून हसली. "दहा वजा कराले सांगाचंच राहून गेलं!"

हसली! माझं नागपूर गेलं आणि ही हसली.

मी म्हणालो, "माह्या गाडीचं गुपित तू दुसऱ्याले काहून दिलं?"

तिचं हसू गेलं. "तुह्या गाडीचं?" एवढंच म्हणाली. उरलेली बादली तशीच ठेवून आत गेली.

सख्खी बहीण. लहानपणी हिच्यासाठी मी पोरांशी मारामाऱ्या केल्या. बाबा गेल्यावर हिची फी भरायला तुमसरच्या रांगेत मी उभा राहिलो. शत्रूने मागून वार केला असता तर एवढं लागलं नसतं.

१७ डिसेंबर, बुधवार

पट्टी माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. कुलूप लावून.

१९ डिसेंबर, शुक्रवार

तीन दिवस झाले, घरात दोघांचं बोलणं नाही. जेवताना भाजी पाहिजे असली तर आईला सांगायचं. आज आई वैतागली. "मी काय तुमची पोस्टमन आहो का? दोघं भावंडं एका ताटातले, अन् मुक्यावानी बसून राहिले."

मी म्हणालो, "तिलेच विचार, काय केलं ते."

आई म्हणाली, "तिलेही विचारलं. ते म्हणते, दादाले विचार."

मला विचारण्यासारखं काय आहे? मी काय केलं? दीड महिना माझे रविवार त्या ढिगाऱ्यावर गेले. उन्हात रंग उडाला. ज्याच्या घरातलाच माणूस फुटतो त्याने कोणाकडे बघायचं? आता गाडीकडे बघायचंच नाही. पोत्यात घालून माळ्यावर टाकली.

२१ डिसेंबर, रविवार

धनंजयचा फोन. उचलणार नव्हतो, उचलला. मोठ्या आनंदात होता. "प्रफुल्लभाऊ, नागपूरचा फॉर्म भरून राहिलो. हर्षाताईचं पूर्ण नाव सांगा ना. सहकारी म्हणून लिवाचं आहे."

मी म्हणालो, "तिचा काय संबंध?"

तो म्हणाला, "काय म्हणता भाऊ, संबंध कसा नाही? गाडी चढली ते ताईमुळंच ना. फोनवर अर्धा तास समजावलं त्यायनं, शॉक कोणता, काहून, किती. मी म्हटलं, तुमचं नाव टाकतो. तर म्हणे, टाका, पण दादाले विचारून टाका."

म्हणजे ही आता त्याच्या गाडीवर नागपूरला जाणार! माझ्याच घरातून. वर परवानगी माझीच मागतात, जखमेवर मीठ म्हणतात ते हेच. मी नाव न सांगताच फोन ठेवला.

त्याच्या फॉर्मवर सहकाऱ्याचा रकाना आहे म्हणे. आमच्या साकोलीच्या फॉर्मवर असलं काही नव्हतं. निदान मला तरी आठवत नाही. उद्या बघतो, फोटो असेल मोबाईलमध्ये.

२२ डिसेंबर, सोमवार

रकाना आहे. 'गाडी बनवणाऱ्याचे नाव' — तिथे माझं. त्याच्या खाली 'सहकारी'. ऑफिसच्या सवयीने मला रकाना रिकामा सोडवत नाही. माझ्याच अक्षरात लिहिलंय — निरंक.

आणि हा कागद साकोलीला नेऊन द्यायला मी हर्षालाच पाठवलं होतं.