सुलोचनेच्या कल्ल्यांवरचा कापूस

२ एप्रिल १९७४, मंगळवार

कालची नोंद चुकली आहे. सुलोचनेच्या सहाही कल्ल्यांवर कापूस बसला असं मी लिहिलं. आज भिंगातून पाहिलं. दोनच कल्ल्यांवर आहे, दोन्ही डावीकडचे. रागात सहा लिहिले गेले. शाळेत घालण्यापूर्वी दादांनी मला घरीच अक्षरं शिकवली, तेव्हाच बजावलं होतं की चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं. लिहिलं.

राग मात्र बरोबर होता. केसरीनाथकाकांची लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड आमच्या मागच्या भिंतीला लागून. तिथून उडणारा कापूस आमच्या केसांत, डाळीत, देवांवर बसतो. आम्ही कधी बोललो नाही. पण सुलोचना पाहुणी आहे. बोटीवर नोकरी करणाऱ्या रामनाथमामाने तिला लोणच्याच्या बरणीतून आणली. जात ऍक्सोलोटल, मूळ मेक्सिकोची. दिसते पालीसारखी, राहते पाण्यात, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले. पापण्या नाहीत. तरी आई म्हणते, डोळा मारते.

मामा जाताना म्हणाला होता, कल्ल्यांवर कापसासारखं पांढरं दिसलं तर बुरशी समज, पाणी घाण झालं की येते. पाणी मी बदलते. म्हणजे बुरशी असू शकत नाही. लूमचाच कापूस आहे. उद्या काकांशी सोक्षमोक्ष.

३ एप्रिल, बुधवार

शेडमध्ये गेले. लूमच्या आवाजात काकांना ऐकू जाईना, म्हणून ओरडले. नेमकी तेव्हाच वीज गेली. तुमच्या कापसाने माझी सुलोचना मरेल, हे धामणकर नाक्यापर्यंत ऐकू गेलं असणार. एक कामगार म्हणाला, बेबी, छिपकली को छाता दिला दो. सगळे हसले. पंढरीमामा काकांकडचे सर्वांत जुने कामगार. ते म्हणाले, अगो बाय, आमच्या नाकात इतकी वर्सं कापूस जातोय, आमाला कोन इचारतंय? मी म्हटलं, तुम्हाला कल्ले नाहीत.

काका म्हणाले, बरं हाय. शनवारपर्यंत तुज्या बाजूच्या सगल्या खिडक्या गोणपाट ठोकून बंद. पांढरं गेलं तर कायमच्या बंद. न्हाय गेलं तर तुजी पाल कोन गावच्या आपल्या विहिरीत. मी म्हटलं, मंजूर.

घरी येऊन मऊ ब्रशने पांढरं ओढून पाहिलं. नुसता कापूस असेल तर सुटून येतो, बुरशी चिकटून राहते, असं मामा म्हणाला होता. सुटलं नाही. पण मामाने भिवंडीचा कापूस कुठे पाहिलाय?

४ एप्रिल, गुरुवार

खिडक्या बंद. विजय. शेडमधून मला शिव्या येतात, पण गोणपाटातून गाळून.

सुलोचनेने गांडुळाला तोंड लावलं नाही. गुरुवार आहे. काळजी केली नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

लूमना सुट्टी. दिवसभरात एक तंतू उडाला नाही. तिसऱ्या कल्ल्यावरही पांढरं आलं. कालचा कापूस हवेत रेंगाळला असणार.

दुपारी. रेंगाळत नाही. देवांवर बोट फिरवून पाहिलं, देव स्वच्छ आहेत. सुलोचना तळाशी पडून आहे, शेपटीचं टोक वळलेलं. मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी. मामाने सांगितलेली आंघोळ घातली. माठातलं एक लिटर गार पाणी, त्यात दोन चमचे मीठ विरघळवून दहा मिनिटं, मग लगेच साध्या पाण्यात. ही बुरशीवरची औषधयोजना नाही. उन्हाळ्यात सगळेच आंघोळ करतात, आणि दार लावूनच करतात. आईने बाहेरून विचारलं, मीठ कुठं नेलंस गो? मी म्हटलं, सुलोचनेची दृष्ट काढतेय. आई म्हणाली, मग मोहरी पण ने.

काचेच्या पेटीतलं सगळं पाणी बदललं. दगडाखाली एक कुजलेलं गांडूळ निघालं. कोणी टाकलं, कळायला मार्ग नाही.

६ एप्रिल, शनिवार

सकाळी काका बादली घेऊन हजर. पेटीला डोळा लावून म्हणाले, हाय की पांढरं. मी पेटीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, मागच्या खिडकीचं गोणपाट वीतभर सुटलंय, अट तुम्हीच मोडलीत. काका भिंतीमागे जाऊन बघून आले. खरंच सुटलं होतं. काका शब्दाचे पक्के. म्हणाले, चूक माजी. परत ठोकतो. आता येत्या शुक्रवारपर्यंत.

बादली मात्र आमच्याच ओट्यावर ठेवून गेले.

रात्री दुसरी आंघोळ. एका कल्ल्यावरचा पुंजका सैल होऊन गळाला. मी पेटीजवळ बसून रडले. कापूस डोळ्यात गेला होता.

७ एप्रिल, रविवार

सुलोचनेने अर्धं गांडूळ खाल्लं.

दुपारी बंद शेडमध्ये पंढरीमामांना उष्म्याने भोवळ आली. त्यांना आमच्याच ओट्यावर आणून निजवलं. मी डोक्यावर पाणी ओतलं, काकांच्या बादलीतलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं, तर पाल कशी हाय? मी म्हटलं, बरी आहे. ते म्हणाले, मंग खिडक्यांनी गुण आला म्हनायचा.

मी त्यांच्या डोक्यावर आणखी एक तांब्या ओतला.

हे बरोबर नाही. बुरशी आहे. कापूस नाही, कधीच नव्हता. हे मी कुणालाही तोंडावर सांगू शकते, मला भीती नाही. फक्त दिवस नीट निवडायला हवा. आज काका घाबरलेले आहेत, आज नको. उद्या ते कोनला जाणार, तिथे विहीर आहे, उद्या तर नकोच. मधल्या दिवसांत आंघोळी आहेत. त्या पूर्ण झाल्या की सुलोचना बरी होईल, आणि बऱ्या झालेल्या प्राण्याला विहिरीत टाकण्याइतके काका वाईट नाहीत. तोपर्यंत पंढरीमामांसाठी माठ भरून शेडच्या दाराशी ठेवीन.

ठरलं. काकांसमोर उभी राहून सांगणार, खिडक्या उघडा म्हणून. मागे हटणार नाही. शुक्रवार, १२ एप्रिल.